मेहेटबेलची फुली

लिंकनच्या अभिलेखागारात पेन चालत नाही,
फक्त पेन्सिल.
कोट बाहेर, पिशवी बाहेर,
रजिस्टराखाली फोमची उशी,
आजाऱ्याला टेकवून बसवावं तशी.
एकतीस वर्षं मी फेनच्या सपाट रस्त्यांवर टपाल वाटलं,
कुत्री, फाटकं, समोरून येणारा वारा.
नावावरून घर शोधायचं, हे माझं काम.
आता घरावरून नावं शोधतोय.

आमचं आडनाव गॉसलिंग. हंसाचं पिल्लू.
एका पाद्र्यानं गोझलिन लिहिलंय,
त्याच्या मागून आलेल्यानं गॉस्लन,
आणि एकानं, बहुधा सर्दी झाली असावी, नुसतंच गोस.
ज्याला जसं ऐकू आलं तसं त्यानं लिहिलं,
आणि ज्याचं नाव, त्याला वाचताच येत नव्हतं
म्हणायला, की साहेब, हा मी नव्हे.

खापरपणजोबा जोब. शेतमजूर.
अठराशे अडतीस, मार्चमधलं लग्न.
जोबची फुली. सुसानाची फुली.
खाली साक्षीदार मेहेटबेल स्क्रिमशॉ. तिचीही फुलीच,
पण तिरकी, एक पाय लांब,
कमरेत कलून चालणाऱ्या बाईसारखी.

मी पान उलटलं. मला रक्ताचं माणूस हवं होतं.

अठराशे चाळीस. मुलगी, हॅना.
माहिती देणार: मेहेटबेल स्क्रिमशॉ, जन्माच्या वेळी हजर.
तीच हॅना, अकरा आठवडे, आकडी.
माहिती देणार: तीच. मृत्यूच्या वेळी हजर.
बेचाळीस, पुन्हा हॅना,
पेटीतून परत काढलेल्या झबल्यासारखं तेच नाव.
तीही गेली. हजर.
पंचेचाळीस, ओबेद, माझा पणजोबा. हजर.
सेहेचाळीस, सुसाना, बाळंतरोग. हजर.
एकोणपन्नास, जोब.
पटकी, चौदा तास.
पटकीच्या घरात कोण पाऊल टाकतं?
रकान्यात ती तिरकी फुली,
शाई जरा जास्त झालेली.

एकावन्नच्या जनगणनेत मेहेटबेलच्या घरी दोन माणसं.
ती: विधवा, धुणं धुते.
ओबेद गॉसलिंग, वय सहा. नातं: पाहुणा.
दहा वर्षांनी, वय सोळा.
नातं: पाहुणा.

लेकीला फोन केला. मार्गो हिशेबी आहे.
म्हणाली, बाबा, ही आपली कोणीच नाही,
तक्त्यात हिला चौकट कुठली देऊ?
खरं आहे.
आमचं तिचं ना सोयर ना सुतक,
आणि आमच्या घरातलं एक सोयर, एक सुतक
तिच्यावाचून झालं नाही.

मग मी तिचाच दाखला मागवला. फी भरली.
अठराशे सदुसष्ट, जानेवारी, वर्कहाउस.
वय: सुमारे सत्तर. कारण: म्हातारपण, थंडी.
माहिती देणार वर्कहाउसचा मास्तर,
सही लफ्फेदार, तीन वेटोळी.
हजर, असं तोही लिहितो.
ओबेद तेव्हा बावीस वर्षांचा.
तो कुठे होता हे कुठल्याही कागदात नाही.
मी शोधलं. खूप शोधलं.
मग पुढे शोधायची भीती वाटली.

पूर्वी मला वाटायचं फुली म्हणजे खोडणं.
पत्ता चुकला, मार फुली, पाठव परत.

आज सकाळी दारावर नवा पोस्टमन, कोवळा पोरगा,
हातात यंत्र, बगलेत खोकं.
शेजारच्या बाई घरी नाहीत, तुम्ही ठेवून घ्याल?
घेतो म्हटलं.
बोटानं सही करा इथे, काचेवर.
केली. बोटं गारठलेली,
गॉसलिंगमधलं एकही अक्षर उमटलं नाही,
दोन रेघा एकमेकींवर पडल्या, एक जरा लांब.
चालेल, म्हणाला तो,
आणि नात्याच्या जागी त्यानं काय दाबलं
ते चष्मा नसल्यानं मला दिसलं नाही.